साधा तळलेला बांगडा, गरम भात आणि बास

पाहुणे येणार असतील तर सुरमई आणा, पापलेट आणा, पण घरच्यांसाठी, रोजच्या जेवणाला तळायचा असेल ना तर बांगडाच आणा, हे मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत असते. एक तर सुरमईपेक्षा बराच स्वस्त. दुसरं म्हणजे बांगड्याच्या अंगातच तेल असतं, त्यामुळे तव्यावर मिनिटभर जास्त राहिला तरी कोरडा पडत नाही, सुरमईची तुकडी मात्र जराशी जास्त झाली की घशात अडकते.

पुण्यात समुद्र नाही म्हणून चांगला मासा मिळत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. गणेश पेठेत सकाळी लवकर जा, नाहीतर कॅम्पात शिवाजी मार्केटला जा, बर्फातून आलेला माल असतो पण निवडून घेतला तर छान निघतो. बांगडा उचलून बघायचा, शेपटीकडे लोंबकळला तर परत ठेवायचा, ताठ राहिला पाहिजे. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले उघडले की आत लालबुंद. मी "मावशी, कल्ले दाखवा" म्हटलं की आमच्या मावशी आधी रागाने बघतात आणि मग खालच्या टोपलीतला काढून देतात. बांगड्याच्या बाबतीत हे बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण तो ऊन्हात, बर्फाबाहेर राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, त्याने अंगावर गांध्या उठतात, चेहरा लाल होतो, आणि ते कितीही तळलं तरी जात नाही. म्हणून घरी आणल्या आणल्या साफ करून फ्रिजमध्ये, बाकीची कामं नंतर.

1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचे दिवस आणि समुद्रही खवळलेला. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 14 जूनला संपते, मग तिकडचा माल इकडे यायला लागतो. मी मात्र त्या दिवसांत उजनीची चिलापी आणते, ताजी असते आणि तळून मस्त लागते. रोहू नको, त्यातले बारीक काटे मुलांना काढून देण्यात आपलं जेवण गार होतं.

आता मसाला. आमच्याकडे हळद, मीठ, लाल तिखट, ठेचलेली लसूण आणि कोकमाचं आगळ, एवढंच. आगळात मीठ असतंच त्यामुळे वरचं मीठ हात राखून घाला. आलं, गरम मसाला, दही, अंडं, कॉर्नफ्लोअर हे सगळं हॉटेलवाल्यांना लखलाभ, ज्या माशासाठी सकाळी उठून पेठेत गेलो त्याची चवच लागली नाही तर काय उपयोग! बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा द्यायच्या, हाडापर्यंत, आणि मसाला बोटाने चिरांमध्ये आत चोळायचा. लावायच्या आधी मासा फडक्याने नीट पुसून घ्या, ओल्या माशाला मसाला धरत नाही आणि तव्यावर तो तळायच्या ऐवजी वाफवला जातो. पंधरा-वीस मिनिटं मुरला की पुरे. रात्रभर मुरवायचा हा चिकनचा हिशोब झाला, आंबटात जास्त वेळ राहिला की मासा भुसभुशीत होतो.

मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मं निम्मं, चिमूटभर तिखट, त्यात घोळवून जास्तीचं झटकून टाकायचं. घोळवायचा तव्यावर टाकायच्या अगदी आधी, आधीच घोळवून ठेवला तर रवा पाणी पितो. लोखंडी तवा चांगला तापू द्या, तेल घाला, मासा ठेवा, गॅस मध्यम करा आणि मग हात लावू नका. खरंच लावू नका. सुरुवातीला मासा तव्याला धरून बसतो, त्या वेळी उलथनं घातलं की साल तव्यावर आणि मासा ताटात. तीन-चार मिनिटांनी चरचर आवाज जरा बारीक होतो, कडेचा रवा तांबूस दिसायला लागतो, तवा हलवला की मासा आपला आपण सरकतो, तेव्हा उलटायचा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. चिरेतून मांस पांढरं दिसलं आणि हाडापासून सुटायला लागलं की झाला.

झाकण ठेवायचं नाही, वाफ धरली की रवा मऊ पडतो. काढल्यावर पेपर टाकलेल्या ताटलीत एकावर एक रचू नका, त्यानेही तेच होतं.

सोबत गरम भात आणि पातळसर डाळ, कांदा चिरून त्यावर लिंबू. आणि तव्यात जो लसणीचा, रव्याचा खरपूस चुरा उरतो ना, तो टाकून देऊ नका, काळा झाला नसेल तर त्यातच मूठभर भात परतून घ्या. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात, म्हणून हल्ली मी घोळवायला जरा जास्तच रवा घेते.