ताई, आज सॅक भरायची नाही

नामचे बाजारात सकाळी साडेपाचला जाग आली आणि पहिल्यांदा आठवलं ते हे, की आज सॅक भरायची नाही. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवरचा आमचा तिसरा दिवस. लुक्ला ते फाकडिंग, फाकडिंग ते नामचे, आणि इथे दोन रात्री मुक्काम. कार्यक्रमात या दिवसापुढे नुसतं ‘विश्रांती’ लिहिलेलं होतं. नागपुरात ते वाचून मी ताईला म्हटलं होतं, "एक दिवस फुकट जाऊन राहिला आपला." तो शब्द मी मागे घेते.

आम्ही ३१० मीटर उंचीवर राहणारी माणसं. तयारी म्हणून चार महिने दर रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढलो, रोज संध्याकाळी फुटाळ्याला चकरा मारल्या. पाय तयार झाले. पण नामचे ३४४० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, आणि त्याचा सराव आपल्याकडे कुठेच करता येत नाही. हवेत ऑक्सिजन असतो तेवढाच, २१ टक्के, पण दर श्वासाला वाट्याला कमी येतो. म्हणून शरीर भराभर श्वास घेतं. त्यानं रक्तातल्या आम्लाचा तोल ढळतो, तो मूत्रपिंडं सावरतात, आणि त्यात एक-दोन दिवस जातात. पहिल्या रात्री सारखं लघवीला उठावं लागलं तर घाबरू नका, शरीर आपलं काम करत असतं. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र जास्तीची थांबायचं, हा नियम त्यासाठीच आहे.

ताई मात्र रात्री उठली ती डोकं धरून. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, उशी कडक आहे." माझी ही ५७ वर्षांची बहीण. बाबांच्या आजारपणात तीन वर्षं दवाखाने तिनंच केले, स्वतःचं दुखणं कधी कोणाला सांगितलं नाही. सकाळी तिच्यासमोरची लापशी तशीच राहिली तेव्हा मी गाइडच्या देखत विचारलं, "ताई, लपवून काऊन राहिली? खरं सांग."

ती बराच वेळ वाटीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "कालपासून डोकं दुखून राहिलं. पोटात ढवळते. मले वाटलं, सांगितलं तर तुम्ही मला खाली पाठवाल."

गाइडनं बोटाला ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्के. त्यानं शांतपणे सांगितलं, दिदी, आज चढ नाही. पाणी प्या, हळूहळू फिरा. संध्याकाळी डोकं थांबलं तर उद्या निघू, नाही थांबलं तर आणखी एक रात्र इथेच, आणि वाढलं तर लगेच खाली. बाकीची मंडळी ३८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून परत यायला निघाली. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, म्हणजे शरीराला सवय होते. मी ताईजवळ थांबले.

शनिवार होता, म्हणजे नामचेचा हाट. आमच्या बुधवार बाजारासारखीच जमिनीवर मांडलेली दुकानं. बटाटे, लसूण, मिरच्या, तांदूळ. फरक एवढाच की यातलं बरंचसं खालून माणसांच्या पाठीवर येतं. डोको म्हणतात त्या टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन ती माणसं नदीपासूनचा तो उभा चढ चढतात, जिथे आदल्या दिवशी मी हातातली पाण्याची बाटलीसुद्धा ताईच्या सॅकमध्ये टाकली होती. तिचं डोकं तेव्हाच दुखत होतं, हे मला आता कळत होतं.

नंतर आम्ही गावाच्या अगदी वरच्या अंगाला, राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयाजवळच्या पठारावर गेलो. दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा. तिथे तेनझिंग नोर्गे यांचा पुतळा आहे. त्याच्यामागे ल्होत्सेच्या कड्याआडून एव्हरेस्टचं टोक दिसलं, पण ताईची नजर उजवीकडे आमा दब्लमवर होती. आमा म्हणजे आई. दब्लम म्हणजे शेर्पा बायका गळ्यात घालतात ती ताइताची पेटी. शिखराखाली लटकलेल्या हिमनदीवरून हे नाव पडलं.

मी हे सांगितलं आणि ताईचा हात जॅकेटच्या आत गळ्याशी गेला. आईची एकदाणी ती लॉकरमध्ये ठेवून येणार होती. ठेवली नव्हती.

आम्ही तिथे तासभर बसलो. ढग वर आले तेव्हा उठलो. दुपारी मोजे धुऊन उन्हात वाळत घातले, लसणाचं सूप प्यालो, आईबद्दल बोललो. तिच्या शेवटच्या वर्षाबद्दल आम्ही दोघी इतकं कधीच बोललो नव्हतो.

संध्याकाळी आकडा ८८ आला. डोकं थांबलं होतं. जेवताना गाइड दाळभाताचं भांडं घेऊन फिरत आला, आणि ताईनं मान वर न करता ताट पुढे केलं. दोनदा.