आठ नंबर पडेपर्यंत खुर्चीत बसायचं

आमच्या पूल लीगमध्ये (पूल म्हणजे टेबलावरचे बॉल क्यू नावाच्या काठीनं पॉकेटमध्ये पाडायचा खेळ) एक पुरुष दुसऱ्या पुरुषाकडून हरला की स्कोअरशीटवर दोन सह्या होतात, खाली टपरीवर चहा होतो आणि विषय संपतो. तोच बाईकडून हरला की विषय तिथून सुरू होतो. टेबलाचं कापड स्लो होतं. क्यूची टिप गुळगुळीत झाली होती. कंपनीतून थेट आलो, जेवलोही नव्हतो. तिला दोन फ्लूक मिळाले, नुसत्या नशिबानं पडले. मी जरा हात सैलच सोडला होता. यातलं प्रत्येक वाक्य मी आमच्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी ते जिच्याबद्दल होतं ती चार हातांवर उभी राहून ऐकत होती.

गेल्या शनिवारी मी हरलो आणि समोर बाई होत्या. हरताना कसं वागावं याबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि खेळाइतकाच मी त्यांचा विचार करतो. म्हणून हे लिहितोय.

आमची लीग साधी आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड अशा भागांतल्या क्लबांचे संघ, सगळे नोकरी-धंदा सांभाळून खेळणारे. मी अंबडला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), संध्याकाळी क्यू. खेळतो आम्ही एट-बॉल: एकाचे एक ते सात, दुसऱ्याचे नऊ ते पंधरा (हे पट्ट्यांचे, म्हणजे स्ट्राइप्स), आपले सगळे पाडून शेवटी आठ नंबर पाडायचा. आणि हॅंडिकॅप लावून, म्हणजे कच्च्या खेळाडूला सूट देऊन. ही हॅंडिकॅपची पद्धत हौशी लीगमध्ये रुजवली ती अमेरिकेत. टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी १९७९ मध्ये हौशी लोकांसाठी लीग सुरू केली, तीच पुढे अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन झाली. त्यांच्याकडे एट-बॉलला २ ते ७ अशा पातळ्या आहेत. सातवाला आणि दोनवाला समोरासमोर आले तर सातवाल्याला सात गेम जिंकावे लागतात, दोनवाल्याला दोन पुरतात. आम्ही त्यावरून आमच्यापुरतं एक सोपं कोष्टक केलंय. त्यात नाव, संघ आणि पातळी एवढेच रकाने आहेत. बाई की पुरुष हा रकाना त्यात नाही, कारण त्याची गरज कधी पडलीच नाही. पातळी निकालांवरून ठरते.

त्या कोष्टकात मॅडम माझ्या एक पातळी वर आहेत. त्यांना पाच फ्रेम, म्हणजे गेम, हव्या होत्या, मला चार. म्हणजे मला एक फ्रेमची सूट मिळूनही मी हरलो, हे आधीच सांगून टाकतो.

मॅच त्यांच्या क्लबात होती, नाशिकरोडला, बिटको चौकापासून थोडं आत, दुकानांच्या वरचा मजला. श्रावणातली भुरभुर चालू होती. पावसाळ्यात कापड दमट होतं, बॉल जड चालतो, रोजच्या ताकदीनं मारलेला शॉट हातभर आधीच थांबतो. हे खरं आहे. पण ज्या कापडावर मी खेळलो त्याच कापडावर त्याही खेळल्या, त्यामुळे हा मुद्दा मी हवामानाची माहिती म्हणून लिहितोय, निकालाची म्हणून नाही.

सुरुवातीलाच आमच्यातला एकजण मोठ्या मनानं म्हणाला, "लेडीज फर्स्ट, ब्रेक तुम्ही घ्या मॅडम."

"नको, लॅग करू," त्या म्हणाल्या.

बरोबर होतं त्यांचं. लॅग म्हणजे दोघांनी एकाच वेळी बॉल समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) मारायचा आणि ज्याचा परत येऊन अलीकडच्या कुशनच्या जास्त जवळ थांबेल त्यानं ब्रेक, म्हणजे मांडलेले बॉल फोडणारा पहिला शॉट, कोणी मारायचा ते ठरवायचं. ब्रेक हा हक्क आहे, तो कमवायचा असतो. तो सौजन्य म्हणून देऊ केला की समोरच्याला पहिल्याच क्षणी पाहुणं करून टाकल्यासारखं होतं. लॅग मी जिंकलो आणि ब्रेक घेतला. त्यांनी "छान" म्हटलं आणि जाऊन बसल्या.

मधल्या फ्रेमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कधी त्या पुढे, कधी बरोबरी. एका फ्रेममध्ये माझा नऊ नंबर दुसऱ्याच बॉलला किस होऊन (घासून) पडला, नशिबानं पडल्याची कबुली म्हणून मी हात वर केला. पुढे त्यांचा पाच नंबर कोपऱ्याच्या तोंडात खडखडून बाहेर आला आणि रमतगमत मधल्या पॉकेटमध्ये गेला, त्यांनी हात वर केला. आमच्याकडे फक्त आठ नंबरचं पॉकेट सांगावं लागतं, बाकी पडेल ते मोजतात. फ्लूकचा हिशोब मांडायचाच असेल तर दोन्ही बाजूंचा मांडावा. बहुतेकांना फक्त समोरच्याचे आठवतात.

चार-तीन झालं. त्यांना एक हवी, मलाही एक हवी. शेवटच्या फ्रेममध्ये मी स्ट्राइप्स घेतले आणि चांगला खेळलो. टेबलावर माझा फक्त तेरा नंबर आणि नंतर आठ उरला होता. तेरा कुशनला चिकटून होता, पातळ कट लागत होता, म्हणजे बॉलला जेमतेम कडेला मारायचं. मी मारला, तो पॉकेटच्या कडेला लागला आणि कुशनपासून वीतभर बाहेर येऊन थांबला. त्यांचे दोन, सहा आणि सात शिल्लक होते आणि एकही सरळ पडण्यासारखा नव्हता.

आता जे झालं ते मला रंगवून सांगायचंय, कारण मॅच तिथं गेली. त्या टेबलाभोवती एक पूर्ण चक्कर मारून आल्या. तेराकडे बघितलं, आठकडे बघितलं, मग व्हाइटच्या, म्हणजे क्यूनं मारायच्या पांढऱ्या बॉलच्या, मागे खाली वाकल्या. मला वाटलं दोन नंबर बॅंक करतील, म्हणजे कुशनला आपटवून पॉकेटमध्ये घालतील. त्यांनी सहाला कागदाएवढं पातळ घासलं. सहा आळसावून जागच्या जागी सरकला. व्हाइट वरच्या कुशनला लागून परत आला आणि सातच्या मागे जाऊन थांबला. व्हाइट आणि सात यांच्या मधून माझ्या व्हर्नियरचा जबडा गेला नसता. तिथून मला तेराही दिसत नव्हता, आठही नाही. अशा अडवून ठेवणाऱ्या शॉटला सेफ्टी म्हणतात.

मी बराच वेळ कुशनवरचे डायमंड, म्हणजे कोन धरायच्या खुणा, मोजले. एक कुशन घेऊन तेराला लावायचं ठरवलं. लावलाही. पण इतका हळू लागला की त्यानंतर ना तेरा कुशनपर्यंत गेला ना व्हाइट. नियम असा आहे की बॉल लागल्यावर काहीतरी पडलं तरी पाहिजे किंवा एखादा तरी बॉल कुशनला लागला पाहिजे. टेबल सांभाळणारा मार्कर क्षणभर घुटमळला. आमच्या बाकावरून आवाज आला, "लागला की! लागला ना बॉल!"

मी म्हटलं, "लागला, पण नंतर कुशनला काहीच गेलं नाही. फाउल आहे." व्हाइट उचलून त्यांच्या हातात दिला, आता तो हवा तिथं ठेवून त्यांना खेळता येणार होतं.

मग मी खुर्चीत बसलो. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. समोरचा जिंकायला निघाला की माणसाला नको नको ते सुचतं. चॉक हातात घेऊन घासत राहतो, क्यू उघडून पिशवीत भरायला लागतो, मोबाइल काढतो, पॉकेटच्या मागे बरोबर त्यांच्या नजरेच्या रेषेत जाऊन पाणी पितो. काही जण तर शेवटचा बॉल मारायच्या आधीच हात पुढे करून "झालं, झालं, तुम्हीच जिंकलात" म्हणतात. दिसायला ते मोठेपणाचं दिसतं. पण तिनं कमावलेला शेवटचा शॉट तिला मारू न देण्याचाच तो प्रकार आहे. क्यू दोन गुडघ्यांमध्ये उभी धरायची, हात स्थिर ठेवायचे आणि बघायचं.

मी बघितलं. त्यांनी व्हाइट ठेवला, मागे गेल्या, परत येऊन तो दोन बोटं मागे घेतला. सात मधल्या पॉकेटमध्ये, व्हाइट जागेवर थांबला. दोन कोपऱ्यात, व्हाइट एक कुशन घेऊन सहाच्या बाजूला. सहा कुशनलगत घरंगळत गेला. आठसाठी त्यांनी वरच्या डाव्या पॉकेटवर क्यूचं टोक टेकवलं आणि इतक्या हळू मारला की तो पडेल की नाही अशी शंका यावी. पडला. मी दाद म्हणून क्यूचा बुंधा जमिनीवर दोनदा आपटला, उठलो, हात मिळवला.

"सहाला घासून केलेली सेफ्टी," मी म्हटलं, "मॅच तिथंच गेली. तुम्ही बॅंक का नाही मारला?"

जिंकणाऱ्याला काय म्हणावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: कुठला शॉट ते सांगावं. "बाई असून काय खेळता हो" हे कौतुक नाही, ती आश्चर्याची पावती आहे, आणि असल्या पावत्या घेऊन घेऊन समोरची कंटाळलेली असते. त्यांनी मार्करला बॉल परत मांडायला सांगितले आणि दाखवलं. दोन नंबरचा बॅंक बसला नसता तर तो टेबलाच्या मध्यात आला असता, व्हाइट मोकळा राहिला असता आणि मी तेरा-आठ करून गेलो असतो. "तुम्ही कटला पातळ मारता ते चांगलं मारता, म्हणून तुम्हाला मोकळा शॉट द्यायचा नव्हता," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांनी माझा खेळ वाचला होता. त्याहून मोठा मान मला हरणाऱ्याच्या वाट्याला येणारा दुसरा कुठला माहीत नाही.

बॉल गोळा करता करता त्या अजून एक म्हणाल्या. "सर, बरेच जण हरल्यावर मला शिकवायला लागतात. क्यू जरा खाली धरा, ब्रिज असा करा. आत्ताच हरलेले असतात."

खाली उतरलो तर टपरीवर तोच अपेक्षित प्रश्न. "काय भाऊ, बाईकडून?"

"वरच्या पातळीच्या खेळाडूकडून," मी म्हटलं, "कोष्टक बघ." तिथं ते तेवढ्यावर थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी माझ्या नावापुढे बांगड्यांचं चित्र टाकलं. मला स्वतःसाठी वाईट वाटलं नाही. पण त्या ग्रुपमध्ये आमच्याच संघातली कॉलेजला जाणारी एक मुलगी आहे, राखीव खेळाडू म्हणून तिला नुकतंच घेतलंय. ते चित्र तिनंही बघितलं. मी लिहिलं, "हे काढ. ती मॅच मी मॅडमच्या खेळामुळे हरलोय, आणि हा ग्रुप आपल्या सगळ्यांचा आहे." त्यानं काढलं. नंतर फोन करून "तसं नव्हतं रे म्हणायचं" असंही म्हणाला. मी ते मान्य केलं, पण पुन्हा टाकू नकोस हेही सांगितलं.

याची मला इतकी काळजी का, तर आमच्या क्लबांचं जग मी बघत आलोय. अंधारा जिना, वर सिगारेटचा वास, आत शिरलेल्या मुलीकडे वळणारी प्रत्येक टेबलावरची मान. आमच्या लहानपणी क्लबात जाणारा मुलगा वाया गेला असंच मानायचे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचं जागतिक हौशी विजेतेपद देशाला मिळवून दिलं होतं, तरीही. मुलांवरचा तो शिक्का आता बराच पुसला गेलाय, मुलींवरचा अजून तसाच आहे. एवढं सगळं ओलांडून एखादी टेबलापर्यंत येते, शिकते, जिंकते. आणि जिंकल्यावर जर प्रत्येक वेळी समोरच्याचा पडलेला चेहरा आणि कारणांची यादीच ऐकायला मिळणार असेल तर ती किती आठवडे येईल? या बाबतीत क्लबचा मालक, लीगचे नियम वगैरे सगळं नंतर येतं. आधी येतो तो तिच्याकडून हरलेला माणूस.

आणि ताकदीचा मुद्दा मला कुणी सांगू नये. पूलचा बॉल सव्वादोन इंचाचा, वजन १७० ग्रॅमच्या आतबाहेर. ब्रेक सोडला तर त्याला ढकलायला दंड लागत नाहीत. २०१५ मध्ये स्नूकरच्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत रियान इव्हान्स या महिला खेळाडूनं १९९७ चा जगज्जेता केन डोहर्टी याला अठराव्या फ्रेमपर्यंत खेळवलं; डोहर्टी १०–८ नं जिंकला. आपल्या विद्या पिल्लेनं २०१७ मध्ये सिंगापूरला महिलांच्या जागतिक स्नूकरची अंतिम मॅच अकराव्या फ्रेमपर्यंत नेली आणि हॉंगकॉंगच्या एन्ग ऑन-यीकडून ६–५ नं हरली. महिलांच्या खेळाबद्दल ज्याला अजून शंका असेल त्यानं या मॅच जरूर बघाव्यात.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कॉलेजात बॅडमिंटन खेळायची. ती म्हणाली, "हरलास त्याचं काय एवढं. आमचा मिक्स्ड डबल्सचा पार्टनर माझ्या कोर्टात येऊन माझी शटल मारायचा, आणि पॉइंट गेला की माझ्याकडे बघायचा." इतक्या वर्षांत हे तिनं मला पहिल्यांदाच सांगितलं. मग बराच वेळ ती तिच्या मॅचबद्दल बोलत बसली, आणि माझी मॅच राहिली बाजूला.

परतीची फेरी आमच्या क्लबात आहे, गंगापूर रोडला, दिवाळीच्या आत. लॉट्स पडतील तसे पडतील, पण मॅडम माझ्याच वाट्याला आल्या तर मला हवंच आहे. सध्या मी मार्करला सांगून सात नंबर व्हाइटला चिकटवून ठेवतो आणि एका कुशननं तेराला मारतो. बॉल लागतो. ताकद अजून कमी-जास्त होते. तेरा लागून पुढे कुशनपर्यंत गेला पाहिजे, तेवढं जमवायचंय.