तयार खुराडे की बांधलेले? आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आमचे वर्कशॉप कोंबड्यांसाठी सुरू झालेले नाही. गोव्यातल्या डिचोली-साखळी पट्ट्यात फॅब्रिकेशनवाल्याचे खरे गिऱ्हाईक एकच होते, खाण. टिपरची बॉडी, फाळके, चाळण्यांच्या चौकटी, अधूनमधून बार्जवरचे वेल्डिंग. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी शेडना कुलपे लागली. मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. तोवर आम्ही ग्रिल, गेट आणि घरापुढच्या पत्र्याच्या शेडवर आलो होतो. गोव्यात पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, वाळपईकडे त्याहून जास्त. त्यामुळे पत्र्याचे काम कधी पूर्ण आटत नाही.

खुराड्यांची विचारणा वाढली २०२० मध्ये. लॉकडाऊनमध्ये बोटीवर नोकरी करणारी माणसे घरी आली, पुण्या-मुंबईची पोरे आली, आणि परसात पाच-दहा कोंबड्या पाळायचे वारे सुटले. त्यातल्या अनेकांनी ऑनलाइन तयार खुराडे मागवले होते. खोक्यात सपाट घडी करून येते ते: मऊ लाकडाच्या पट्ट्या, स्टेपलने ठोकलेली पातळ जाळी, खाली ओढून काढायचा ट्रे, वर डांबरी कापडाचे छप्पर. फोटोत देखणे दिसते, जोडायला एक दुपार पुरते. जूनमध्ये त्याच माणसांचे फोन आम्हाला आले. दार फुगून बसत नव्हते, ट्रे अडकला होता, छपराखालची पट्टी बुरशीने काळी पडली होती. त्या खुराड्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही, ते कोरड्या, थंड मुलखासाठीच घडवलेले असते. तिथे अडचण थंडीची, इथे ओलाव्याची.

पेडण्याच्या एका मावशींनी आम्हाला विचारले होते, "बाबा, तुम्ही गेट करता ना? मग मला कोंबड्यांना एक घर का करून देत नाही?" पहिले खुराडे असेच झाले. त्यांच्या अंगणात चिरे पडलेले होते, जुन्या घराची कौले होती. आम्ही फक्त लोखंड नेले. आज आम्ही जे विकतो त्याचा साचा तिथेच पडला, हे मात्र आमच्या नंतर लक्षात आले.

लोकांना वाटते की तयार घ्यावे की बांधावे हा पैशाचा प्रश्न आहे. आमच्या मते पहिला प्रश्न जमिनीचा. गोव्यात परस आपले असते, पण जमीन आपली असतेच असे नाही. मुंडकाराने, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याने, भाटकाराच्या म्हणजे जमीनमालकाच्या भाटात चिऱ्याची भिंत उभी केली, मग ती कोंबड्यांची का असेना, की बोलाचाली सुरू होते. पर्वरी-ताळगावला भाड्याच्या घरात राहणाऱ्याचेही तेच. अशांना आम्ही सरळ सांगतो, बांधू नका. बोल्ट सोडून उचलून नेता येईल असेच घ्या, आमच्याकडून घ्या नाहीतर दुसऱ्याकडून. स्वतःच्या वडिलोपार्जित कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, राहणाऱ्याने मात्र तयार पेटी का घ्यावी हे आम्हाला कळत नाही. चिरे आहेत, पोफळी आहेत, सावली आहे. अडते ते गवंड्यापाशी. मे महिन्यात गवंडी मिळणे म्हणजे नशीब, सगळा गाव त्याच वेळी मिरगाआधीची डागडुजी काढतो. तयार खुराड्याची खरी जमेची बाजू हीच आहे, त्याला गवंड्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी बाब संख्येची. खोक्यावर 'दहा कोंबड्यांसाठी' असे छापलेले असते. मोजपट्टी लावा. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तूस अंथरून पाळताना, मोठ्या कोंबडीला आत किमान दोन चौरस फूट लागतात, रात्री बसायच्या दांडीवर आठ ते दहा इंच, आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंड्याचा एक खण, साधारण एक फूट बाय एक फूट. चार फूट बाय आठ फुटांचे खुराडे म्हणजे बत्तीस चौरस फूट, हिशेबाने सोळा पक्षी. आम्ही बारा सांगतो. पावसाळ्यात कोंबड्या बाहेर सुटत नाहीत, दिवसचे दिवस आतच असतात. दाटी झाली की एकमेकींची पिसे उपटतात, ओली विष्ठा साठते, अमोनियाचा दर्प डोळ्यांत जातो, आणि मग रक्ती हगवण. औषध आणायला धावण्यापेक्षा चार कोंबड्या कमी ठेवणे बरे.

आमच्या स्वतःच्या रचनेवर सगळ्यात जास्त परिणाम केला तो गंजाने. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपला वेल्डिंग केले की जोडाजवळचे जस्त जळते, आणि गंज तिथूनच शिरतो. ग्रिलला दर दोन-तीन वर्षांनी रंग मारतात म्हणून चालून जाते. खुराड्यात खाली विष्ठेतला अमोनिया, वर दमट हवा, बार्देशच्या किनाऱ्याकडे खारे वारे. तिथे जोड टिकत नाही. म्हणून सांगाडा बोल्टचा केला. पाइप कापून, भोके पाडून, तोंडे बंद करून आणतो आणि जागेवर जोडतो, जिथे कापलेले असते तिथे जस्ताचा रंग. किनाऱ्यालगत बोल्ट स्टेनलेसचे. पाय मातीत पुरत नाही, चिऱ्यावर टेकवतो, कारण लोखंड सगळ्यात आधी मातीलगतच कुजते. गंजासाठी केलेल्या या उपायाने खुराडे आपोआप सुटे झाले आणि छोट्या टेम्पोत मावू लागले. सत्तरीतल्या आतल्या वाड्यांवर, जिथे मोठी गाडी वळत नाही, तिथवर आम्ही पोचतो ते त्यामुळेच.

जाळीबद्दल आमचे मत ठाम आहे. षटकोनी चिकन जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस ती ओरबाडतो, कुत्रे फाडते, एक इंचाच्या भोकातून धामणीचे पोरही आत येते. अर्धा इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी, महाग पडते, पण आम्ही दुसरी लावतच नाही. ती खाली जमिनीवर फूटभर बाहेर अंथरून वर माती टाकायची, म्हणजे उकरणारे जनावर भिंतीपाशी येते आणि जाळीवरच अडते. कडी साधी नको, उचलून सरकवावी लागेल अशी हवी. बिबट्याची हमी आम्ही देत नाही. डोंगरालगतच्या गिऱ्हाइकाला सांगतो, संध्याकाळी कोंबड्या चिऱ्याच्या खोलीत घ्या.

छपराचे मात्र आम्ही गिऱ्हाइकावर सोडतो. पत्रा हलका, स्वस्त, लगेच बसतो. पण एप्रिलच्या दुपारी खाली भट्टी होते, कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, अंडी घटतात. मंगळुरी कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. गोव्यात घरोघर कौले उतरवून पत्रे चढवले जात आहेत, म्हणून परसाच्या कोपऱ्यात जुनी कौले रचून ठेवलेली सापडतातच. ती फुकट असतात. वजन मात्र भारी, एक कौल अडीच किलोच्या घरात, त्यामुळे वाशांचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय कौलाखाली जाळी हवीच, कांडेचोर (उदमांजर) कौल सरकवून आत उतरतो.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवतो, म्हणजे ऊन आत कमी येते. झड नैऋत्येकडून येते, तेव्हा पश्चिमेची आखूड बाजू पूर्ण बंद आणि दक्षिणेकडची वळचण तीन फूट पुढे. उत्तरेची जाळी उघडी राहते, वारा तिथून खेळतो. तयार खोक्यात हे काहीच ठरवता येत नाही, आणि गवंड्याला सांगितले नाही तर तो घराच्या रेषेत बांधून मोकळा होतो.

खुराड्याच्या आतल्या जमिनीचा प्रकारही जागेवरच ठरवतो. उन्हाळ्यात चार इंच तुसाची गादी छान राहते. पावसात ती ओली झाली, गोळे बांधले, की रोज चाळा, चुना टाका, बदला. ज्यांच्याकडे इतका वेळ नाही त्यांना आम्ही दोन फूट उंच जमीन सुचवतो, पोफळीच्या रिपांची, मधे इंचभर फट ठेवून. विष्ठा खाली पडते आणि माडांना खत होते. रिपा दोन-तीन पावसाळ्यांनी बदलाव्या लागतात. त्या आम्ही देत नाही, शेजारच्या कुळागरातून आणा म्हणतो.

म्हणजे आम्ही विकतो ते पुरते तयार नाही आणि पुरते बांधलेलेही नाही. सांगाडा, जाळी, दार, अंड्याचे खण आमचे. पाया, छप्पर, रिपा तुमच्या. एका कारखानदाराने आम्हाला सुचवले होते की सगळे प्लास्टिकच्या पॅनेलमध्ये करा, देशभर जाईल. जाईलही. पण मग कौलाचे वजन, झडीची दिशा, भाटकाराची परवानगी, यांतले काही विचारायला आम्ही तिथे नसू.

ग्रामप्रिया, वनराजा अशी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झालेल्या जातींची पिल्ले घेणारे आता जास्त आहेत. त्यांच्यासाठी सांगाड्याला एक बंद कप्पा जोडतो, आत बल्बची ऊब. गावठीवाल्याला तो लागत नाही, त्याची कोंबडी स्वतः पिल्ले सांभाळते. पन्नासच्या वर पक्षी असतील तर ते खुराडे राहत नाही, शेड होते. तिचे काम आम्ही घेतो, पण आधी पाणी आणि विष्ठा कुठे जाणार ते बघून. नव्या ऑर्डरी एप्रिलअखेरपर्यंतच. मिरग लागला की जमीन भुसभुशीत होते, चिरा समपातळीत बसत नाही, आणि त्यानंतरचे काम आम्ही चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावरच हाती घेतो.