डोळ्यांवर पट्टी बांधू का, असं विचारणाऱ्यांसाठी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय आणि एकदाच लिहितेय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच फॉरवर्ड करणार. प्रश्न साधारण असा असतो: "वेबसाइट अंध लोकांना वापरता येते का ते तपासायचंय, एनव्हीडीए टाकलंय, सुरुवात कशी करू? पट्टी बांधून बसू का?" (एनव्हीडीए म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, ह्यालाच स्क्रीन रीडर म्हणतात.) मी अंध आहे, टेस्टिंग हीच माझी नोकरी आहे, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येणार हे कळतं मला.

पट्टी नको. डोळे उघडे ठेवा, त्यांचाच तर उपयोग आहे. स्क्रीनवर काय दिसतंय आणि कानावर काय येतंय ह्यातला फरक तुम्हाला लगेच पकडता येतो, मला तो अंदाजाने शोधावा लागतो.

आधी भीती घालवा. आवाज थांबत नाही म्हणून निम्मे लोक पहिल्या पाच मिनिटांत पळतात. कंट्रोल दाबा, गप्प बसतं. इन्सर्ट आणि क्यू दाबलं की बंद करायचं का विचारतं. लॅपटॉपला इन्सर्ट सापडत नसेल तर सुरुवातीच्याच खिडकीत कॅप्स लॉक निवडता येतं. टूल्स मेनूत स्पीच व्ह्यूअर आहे, तो लावलात की जे बोललं जातंय ते लिहूनही दिसतं, उच्चार कळला नाही तरी अडत नाही. आणि फुकट आहे हो, "लायसन्स कोण देणार" हे कारण चालणार नाही. मायकल करन ह्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये हे सुरू केलं ते ह्याचसाठी, कारण त्या वेळचे विकतचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाला परवडण्यातले नव्हते.

मग माउस बाजूला ठेवा. नुसतं टॅब टॅब करत जाऊन "मजकूर वाचतच नाही" असं बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, म्हणून मला पाठवू नका, टॅब फक्त लिंक, बटन, फॉर्मच्या रकान्यांवरच थांबतो, मजकूर खालच्या बाणाने वाचतात. पण आम्ही तरी अख्खं पान कुठे वाचत बसतो? एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो. वेबएम ह्या वेब-सुलभतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या सर्वेक्षणात स्क्रीन रीडर वापरणाऱ्या ७१.६ टक्के लोकांनी हेच सांगितलंय, लांबलचक पानावर काही शोधायचं तर आधी हेडिंग. तुम्ही अक्षरं नुसती मोठी आणि ठळक केली असतील, कोडमध्ये हेडिंग म्हणून खूण केली नसेल, तर ते हेडिंग तुमच्यापुरतं, एच त्याच्यावरून सरळ पुढे जातो. पान मराठी असेल तर कोडमध्ये भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) लिहिलीय का तेही बघा, टेम्प्लेटमधलं इंग्रजीचं 'ईएन' बऱ्याचदा तसंच पडून असतं.

आता पट्टीचं. आधीच्या एका कंपनीत ३ डिसेंबरला, म्हणजे अपंग दिनाला, एचआरने अनुभव सत्र ठेवलं होतं. वीसेक जण, सगळ्यांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या, समोर एनव्हीडीए आणि आमचाच अपॉइंटमेंटचा फॉर्म. तारखेच्या रकान्यात कॅलेंडर होतं, ते सगळं डिव्हचं, म्हणजे आपण बटन आहोत की रकाना हे न सांगणाऱ्या नुसत्या चौकटींचं, की-बोर्डने आत शिरताच येत नव्हतं आणि तारीख टाइपही करू देत नव्हतं. सबमिट केलं की लाल अक्षरांत एरर यायची म्हणे, स्क्रीन रीडर तोंडातून अक्षर काढत नव्हता. हा बग मी कधीचा टाकून ठेवलेला, प्रायॉरिटी लो. दहा मिनिटांनी पट्ट्या सुटल्या. अर्थात कोणालाच तारीख निवडता आली नव्हती. आणि मग सुरू झालं, "बापरे, कसं करतेस गं तू हे सगळं", एकीला रडू आलं, एका मॅनेजरने माझा हात हातात घेऊन सांगितलं की आज मला माझ्या डोळ्यांची किंमत कळली. मी म्हटलं, सर, ती तारीख मलाही निवडता येत नाही. ते म्हणाले, हो ना, किती कठीण आहे तुमचं आयुष्य.

अहो, मी इतकी वर्षं हे वापरतेय, माझ्या आवाजाचा वेग इतका असतो की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू येते, आणि मलाही तो रकाना भरता येत नाही म्हणजे बिघाड कुठे आहे? साधं डेट इनपुट, म्हणजे ब्राउझरचा तयार तारखेचा रकाना, टाकलं असतं, एरर त्या रकान्याला जोडून वाचली जाईल एवढं बघितलं असतं तर काम झालं असतं. पण डोळे बांधलेले असल्यामुळे सगळ्यांना वाटलं अडचण डोळ्यांचीच आहे. टाळ्या झाल्या, केक कापला, ग्रुप फोटो झाला (त्या फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असं वर्णन, नव्हता, असो). बग लोच राहिला.

त्या दिवशी मी घरी जाऊन कोणाशी बोलले नाही. नंतर बराच काळ माझं म्हणणं असं की डोळसांनी स्क्रीन रीडरला हातच लावू नये, अंध टेस्टर नेमावेत आणि त्यांना नीट पगार द्यावा. पगाराचं अजूनही म्हणते. पण रोज रात्री बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, जाणार, तेव्हा प्रत्येक बटनासाठी मला उठवणार का? नाव नसलेलं बटन नुसतं "बटन" म्हणतं, हे ऐकायला मी कशाला हवी, ते तुम्हीच करा. फक्त तुम्हाला जमलं म्हणजे आम्हाला जमेल, किंवा तुम्हाला अवघड गेलं म्हणजे आम्हाला अवघड जाईल, हे दोन्ही धरून चालू नका. ह्यातली रेष नक्की कुठे मारायची ते मलाही रोज वेगळं वाटतं.

आणि खरं सांगायचं तर त्याच सत्रातला एक पोरगा दुसऱ्या आठवड्यात माझ्या डेस्कपाशी आला, "ताई, पट्टी न बांधता परत दाखव." आता तो कुठेतरी दुसरीकडे असतो, अजून अधूनमधून रेकॉर्डिंग पाठवतो, हे बरोबर वाचतंय का म्हणून. म्हणजे त्या सत्रातून काहीच निघालं नाही असं म्हणायची पण सोय नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग येतो.