सामानाच्या खोलीचं दार

गावाचं नाव लिहीत नाही, मंडळाचंही नाही. मुलीची ओळख पटेल असं काही छापायला कायद्याची मनाई आहे, आणि मनाई नसती तरी लिहिलं नसतं.

आमचं जिम्नॅस्टिक्सचं मंडळ म्हणजे पत्र्याचा एक मोठा हॉल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी झालेला ट्रस्ट, महिना चारशे रुपये फी, ज्यांना जमत नाही त्यांना माफ. त्या वर्षी ८३ मुलं होती. मी लहानपणी इथेच शिकले, पुढे बँकेत लागले आणि गेली अकरा वर्षं मंडळाची कार्यवाह आहे. पगार कुणालाच नाही, प्रशिक्षकांना तेवढं मानधन.

सुरक्षितता हा विषय आमच्या प्रत्येक वार्षिक सभेत असायचा आणि तो निघाला की आम्ही गाद्यांवर बोलायचो. बीम सव्वा मीटर उंच आणि फक्त दहा सेंटिमीटर रुंद. त्यावरून मूल पडणार हे धरूनच चालायचं असतं. वीस सेंटिमीटर जाडीच्या गाद्या घ्यायला आम्ही दोन वर्षं देणग्या गोळा केल्या. बारच्या तारा दर महिन्याला ताणून बघायच्या, फाटलेल्या मॅटला टाके घालून घ्यायचे, प्रथमोपचाराच्या पेटीतला बर्फाचा स्प्रे संपला का ते पाहायचं. हे सगळं आम्ही मनापासून करत होतो. मुलाला इजा होते ती पडल्यावर, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

जिल्हा स्पर्धेला आठ दिवस होते. शनिवारची संध्याकाळ, मी टेबलाशी पावत्या फाडत बसले होते. समोर ती मुलगी मॅटच्या कडेला बसलेली. बीमवर चढायची तिची पाळी येऊन गेली होती. मी सहज म्हटलं, "जा गं, आतून चॉक पावडरचा डबा घेऊन ये."

ती उठली नाही. मग हळूच म्हणाली, "मी नाही जाणार. आत सर असतात."

सर त्या दिवशी रजेवर होते. सामानाच्या खोलीला बाहेरून कडी होती, ती मला बसल्या जागेवरून दिसत होती.

मी पावतीपुस्तक मिटलं आणि तिच्या शेजारी मॅटवर जाऊन बसले. एकच प्रश्न विचारला, "सांगावंसं वाटतंय का?" तिनं पाच-सहा वाक्यं सांगितली. ती इथे लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका ना."

बँकेतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या समितीवर मी आहे. तिथल्या प्रशिक्षणाला आलेल्या वकीलबाईंना मी एकदा मुलांविषयी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या की मूल बोललं तर खोदून विचारायचं नाही, शब्द पुरवायचे नाहीत आणि पाळता येणार नाही असं वचन द्यायचं नाही. तेवढं आठवलं. मी म्हटलं, "सांगितलंस ते फार चांगलं केलंस. तुझी यात काही चूक नाही. पण मी हे तुझ्या आईला सांगणार आहे, आणि ज्यांचं हे थांबवायचं काम आहे त्यांनाही सांगणार आहे." ती रडली नाही. मान हलवून पायातला मोजा सरळ करत बसली. तिची वाक्यं तिच्याच शब्दांत मी पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवली आणि खाली वेळ घातली: ६ वाजून १० मिनिटं.

आईला बोलावून घेतलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "नाव पेपरात येईल का?" नाही येणार, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तो गुन्हा आहे, हे सांगितल्यावर ती खाली बसली.

मग अध्यक्षांकडे गेले. या हॉलची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. तो प्रशिक्षकही इथेच वाढलेला, काकांनीच त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च उचललेला.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "अगं, आपला खेळच असा आहे. सपोर्ट देताना हात लागतोच."

हे खोटं नाही, म्हणून ते ऐकायला जड गेलं. मागे उलटी उडी मारायला शिकवताना प्रशिक्षकाचा एक हात मुलाच्या कमरेमागे आणि दुसरा मांडीखाली असावाच लागतो, नसला तर मूल मानेवर पडेल. हात लावल्याशिवाय जिम्नॅस्टिक्स शिकवता येत नाही. मी म्हटलं, "काका, सपोर्ट मॅटवर देतात, सगळ्यांसमोर. सामानाच्या खोलीत कुठली उडी मारतात?"

"बरं, मग तिघांची समिती नेमू. मुलीला बोलावू, त्याला बोलावू. आधी खात्री करून घेऊ. पोराचं आयुष्य आहे."

"खात्री करणं आपलं काम नाही, काका. आपण तिला तीन माणसांसमोर उभं करून तेच पुन्हा बोलायला लावायचं? उद्या पोलीस विचारतील, परवा कोर्ट. आणि पॉक्सो कायद्यात संस्था चालवणाऱ्यांवर कळवायचं बंधन आहे. हाताखालच्या माणसाविषयी कळूनही आपण गप्प बसलो, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपल्या भल्यासाठी म्हणून नाही सांगत. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की संस्था आधी आपल्या माणसाला सांभाळते, म्हणून हे कलम घातलंय."

काकांनी पोलिसांकडे द्यायच्या तक्रार अर्जावर सही केली नाही. पण मी रिक्षात बसले तेव्हा ते चपला घालून बाहेर आले, आणि रात्री साडेदहापर्यंत पोलीस ठाण्याबाहेरच्या बाकावर बसून राहिले.

ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "मुलीला आणलं नाही?" मी सांगितलं की जबाब तिच्या घरी घ्यावा, महिला अधिकाऱ्यांनी, गणवेशाशिवाय. तशी तरतूद आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. वाद झाला नाही, फक्त वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एक उपनिरीक्षक पंजाबी ड्रेसमध्ये तिच्या घरी गेल्या. शेजाऱ्यांना वाटलं, शाळेतल्या मॅडम आल्यात. बालकल्याण समितीला पोलिसांनीच चोवीस तासांत कळवलं. त्याला रविवारी ताब्यात घेतलं. खटला चालू आहे, म्हणून त्याच्याविषयी याहून जास्त लिहीत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणानं. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्याच एका मुलीची आजी मला म्हणाली होती, "सर रात्री अकराला मेसेज करतात पोरीला, बरं दिसत नाही." मी त्याला बाजूला घेऊन "रात्री नको करत जाऊ रे" एवढंच म्हटलं होतं. तो "हो ताई" म्हणाला. मी ते कुठे लिहूनही ठेवलं नाही.

अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्यावरचा मुलींच्या लैंगिक अत्याचाराचा खटला मी २०१८च्या जानेवारीत रोज वाचत होते. सात दिवसांत दीडशेहून जास्त मुली आणि बायका कोर्टात बोलल्या, त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्यातल्या एकीनं सांगितलं की १९९७ सालीच तिनं हे आपल्या प्रशिक्षिकेच्या कानावर घातलं होतं. वाचून मला त्या प्रशिक्षिकेचा संताप आला होता. तीन आठवडे म्हणजे काही एकवीस वर्षं नव्हेत, असं मी अंथरुणात पडून स्वतःला सांगत होते आणि ते पटत नव्हतं.

सोमवारी ८३ पैकी ३४ मुलं आली. एक वडील ओरडून गेले, "स्पर्धा तोंडावर आणि हे आत्ताच काढायचं होतं?" त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्या की दहावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. प्रवेशिका कोण भरणार, कुणाला कुठल्या गटात उतरवणार, हे आमच्याकडे एकट्या प्रशिक्षकाच्या हातात होतं. एखाद्या घराचं सगळं भविष्य त्या कागदावर असेल, तर मुलगी बोलणार कशी? त्याच रात्री आणखी दोन आयांचे फोन आले. त्यांनाही मी काही विचारलं नाही, अधिकारीबाईंचा नंबर दिला आणि सोबत गेले.

मंगळवारी सुतार बोलावून सामानाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं. आता एकट्या मोठ्या माणसाला एकट्या मुलाची बॅच घेता येत नाही, दोन मोठी माणसं नसतील तर सराव रद्द. मेसेज फक्त पालकांच्या ग्रुपवर. प्रवेशिका तिघे मिळून भरतात. सपोर्ट देण्याआधी प्रशिक्षक म्हणतो, "कमरेला धरतोय, चालेल?" आणि मूल "हो" म्हणेपर्यंत थांबतो. सुरुवातीला एका जुन्या प्रशिक्षकांना हे नाटक वाटलं. मग एकदा एका सात वर्षांच्या मुलानं "नको, मी करतो" म्हणून स्वतःच उडी मारली, नीट मारली, आणि सर टाळ्या वाजवत राहिले. १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर हॉलमध्ये लावलाय, मुलांच्या उंचीवर.

ती मुलगी परत आली नाही. आई सांगते, घरात भिंतीला पाय लावून हँडस्टँड करते. मी फी परत केली, तिचा कॉश्च्युम धुऊन पाठवला.

पुढच्या तारखेला सरकारी वकिलांनी मूळ हजेरीपट मागवलाय. काल रात्री तो काढून पाहिला. मंगळवार आणि गुरुवारच्या सकाळच्या बॅचला तो प्रशिक्षक एकटाच असायचा. त्या रकान्यांत सलग दीड महिना तिच्या नावापुढे ग, ग, ग. बाकी सगळे दिवस ती हजर आहे. पानाच्या तळाशी दोन्ही महिन्यांना माझी सही.