तुम्ही विचारलंत म्हणून: घरबसल्या पैसे मिळाले तर माणूस कामावर परत येतो का?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या लहान फाउंड्र्या (लोखंडी ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉप यांचे पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, यांचे काम मी गेली सव्वीस वर्षे करते आहे. त्यामुळे लग्नकार्यात, बसथांब्यावर आणि मालकांच्या केबिनमध्ये एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: काम सुटलेल्या माणसाला सरकारने घरबसल्या पैसे दिले, तर तो पुन्हा कामावर कशाला येईल? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेले असते आणि मीही आजवर दोन वाक्यांत बोलून वेळ निभावून नेत आले. या वेळी तुम्ही खरेच जाणून घ्यायचे म्हणून विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

अशा पैशाचा थोडा परिणाम होतो आणि तो नाकारणे खोटेपणाचे ठरेल. पण माझ्या रजिस्टरातून जी कुशल माणसे कायमची गेली, त्यांच्यातला एकही जण भत्ता मिळाला म्हणून गेलेला मला आठवत नाही. भत्ता मिळाला नाही म्हणून गेलेले मात्र मला नावानिशी आठवतात.

हा प्रश्न 2020 नंतर अधिक ऐकू येऊ लागला, कारण आपल्यातल्या अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि तिथल्या भत्त्याच्या बातम्या घरोघरी पोहोचल्या. तिथे मार्च 2020 मध्ये कायदा झाला आणि राज्याच्या नेहमीच्या बेकारी भत्त्यावर केंद्राकडून आठवड्याला 600 डॉलर जास्तीचे मिळू लागले. ही रक्कम साधी नव्हती. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले की पात्र कामगारांपैकी सुमारे 76 टक्के लोकांना गमावलेल्या पगारापेक्षा भत्ताच जास्त मिळत होता. माणसाला पैसा आळशी करतो हे जर खरे असेल, तर ते दिसायला याहून मोठी संधी नव्हती. जुलैअखेरीस ही वाढ थांबली आणि पुढे 2021 मध्ये आठवड्याला 300 डॉलर या दराने पुन्हा मिळू लागली. तेव्हा दुकानदार, हॉटेलवाले, कारखानदार यांनी माणसे मिळत नसल्याची तक्रार केली आणि सुमारे निम्म्या राज्यांनी मुदतीच्या आधीच, जून 2021 पासून, ही मदत काढून घेतली. उरलेल्या राज्यांत ती सप्टेंबरपर्यंत चालू राहिली. त्यामुळे दोन्हीकडची तुलना करण्याची सोय आपोआप झाली.

त्या तुलनेतून जे निघाले ते मी आमच्या एका मालकांना कागदावर लिहून दाखवले होते. भत्ता बंद झाल्यामुळे ज्यांची मदत तुटली, त्यांच्यातल्या दर आठ जणांमागे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत साधारण एकालाच त्यामुळे काम मिळाले. प्रत्येकाच्या भत्त्यातले आठवड्याला सरासरी 278 डॉलर गेले आणि त्या बदल्यात कमाई वाढली ती 14 डॉलरने. घरखर्च मात्र आठवड्याला 145 डॉलरने खाली आला. आठातला एक कामावर गेला हे खरे आहे, आणि मी तो लपवत नाही. पण उरलेल्या सात जणांच्या ताटातले काढून घेतले आणि ते कामावरही आले नाहीत, हे कोणी बोलत नाही. त्याआधी 2008 च्या मंदीतही तिथे भत्त्याची मुदत काही राज्यांत 99 आठवड्यांपर्यंत वाढवली होती. त्या मुदतवाढीचा बेकारीच्या दरावर किती परिणाम झाला याचा एक नावाजलेला हिशेब टक्क्याच्या एक ते पाच दशांश एवढाच येतो, आणि त्यातला बराचसा भाग काम शोधणे सोडून देऊ पाहणारे लोक भत्त्याच्या अटीमुळे शोधत राहिले, एवढ्याने आलेला आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे ईएसआयमध्ये 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. काम सुटलेल्या कामगाराला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के, आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त 90 दिवस, असा तिचा मूळ आकार होता. ऑगस्ट 2020 मध्ये तो दर 50 टक्के करण्यात आला आणि 24 मार्च ते 31 डिसेंबर 2020 या काळात काम गेलेल्यांना तो लागू झाला. अर्ज जुन्या मालकामार्फतच करण्याची अटही निघाली, जी फार मोठी अडचण होती. सरासरी काढायची ती मागच्या चार अंशदान कालखंडांतल्या (वर्गणीच्या सहामाहींतल्या), म्हणजे दोन वर्षांतल्या, एकूण कमाईला 730 ने भागून. ईएसआयची पगारमर्यादाच 21,000 रुपये आहे, म्हणजे कितीही ताणले तरी महिन्याला साडेदहा हजारांच्या वर कोणाला काही मिळणार नव्हते. अमेरिकेतल्या 600 डॉलरची गोष्ट ऐकून जे मला इथल्या मोल्डरबद्दल, म्हणजे ओतकामाचा साचा भरणाऱ्या कामगाराबद्दल, विचारतात, त्यांना मी आधी हा आकडा सांगते.

अशाच एका मोल्डरचा अर्ज मी स्वतः भरला. तो चंदगड तालुक्यातला, शिनोळीच्या पलीकडच्या गावचा. रोज मोटारसायकलने बेळगावला येणारा. बिडाच्या कास्टिंगचा साचा हाताने भरण्यात त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. वाळू मुठीत दाबून, ती उघडून, ढेकूळ कसे मोडते एवढ्यावरून तो ओल सांगत असे. टाळेबंदीत एप्रिलपासून त्याचे नाव पगारपत्रकातून निघाले. मे महिन्यात फाउंड्री अर्धी सुरू झाली तेव्हा मालक मला म्हणाले, "बाई, निरोप पाठवला तरी येत नाही, घरी बसायची सवय लागली." खरी गोष्ट अशी होती की त्याचे घर एका राज्यात आणि साचा दुसऱ्या राज्यात होता. सीमेवर पास मागत होते आणि महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला त्या उन्हाळ्यात सात दिवस संस्थात्मक विलगीकरण सक्तीचे होते. रोज जाऊन-येऊन काम करणाऱ्याने ते कसे पाळायचे? ऑगस्टअखेरीस कर्नाटकाने हे निर्बंध उठवले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो दारात उभा होता.

त्याच्या भत्त्याचा हिशेब असा झाला: रोजची सरासरी कमाई 440 रुपये, तिचे निम्मे 220, गुणिले 90 दिवस, म्हणजे 19,800 रुपये. ही रक्कम त्याच्या खात्यात जमा झाली नोव्हेंबरात, म्हणजे तो कामावर आल्यानंतर दोन महिन्यांनी. ज्या पैशाने त्याला घरी बसवले असे म्हटले जात होते, तो पैसा अजून निघालाही नव्हता. त्या पैशाचे काय केले ते त्याने आपणहून सांगितले: "अक्का, बायकोचं गळ्यातलं सोनाराकडं ठेवलं होतं, ते सोडवून आणलं. राहिलेल्यात दुकानाची उधारी भागवली." तो आजही त्याच फाउंड्रीत आहे.

दुसऱ्याची गोष्ट मला अजून टोचते. तो खानापूर तालुक्यातला, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला होता, ठेकेदाराकडून आलेला. काम सात वर्षे एकाच शेडमध्ये, एकाच ग्राइंडरवर. पण कागदावर त्याला मधून मधून ब्रेक दिलेला, म्हणजे काही दिवस कामावरून कमी केलेले. योजनेची अट अशी की काम सुटण्याच्या लगेच आधीच्या अंशदान कालखंडात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ऑक्टोबर 2019 ते मार्च 2020 या सहा महिन्यांत त्याचे दिवस भरले 71. मी तीन वेळा बेरीज केली. ठेकेदाराने जानेवारीत दिलेला ब्रेक नसता तर तो पात्र ठरला असता. त्याच्यासमोर रजिस्टर ठेवून सात दिवस कमी पडले हे सांगताना मला काय वाटले ते मी लिहू शकत नाही. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "असू दे की अक्का, तुमची काय चूक." गावाकडे जाऊन त्याने रोजगार हमीवर तळ्याचा गाळ काढला, तेव्हा कर्नाटकात त्याचा दर दिवसाला 275 रुपये होता. मग उसने पैसे घेऊन जुना टेम्पो घेतला आणि भाजी वाहू लागला. फाउंड्रीत ऑर्डर भरभरून आल्या तेव्हा त्याला बोलावणे गेले, पण टेम्पोचे हप्ते अंगावर असल्यामुळे तो आला नाही. सात वर्षांत तयार झालेला हात गेला आणि त्याच्या जागी आलेल्या तीन पोरांनी सहा महिन्यांत किती कास्टिंग वाया घालवले, हे मालकांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

म्हणून, कामावर न परतणारा माणूस भत्त्यावर पोसलेला असतो, या समजुतीला माझा विरोध आहे. हातात काहीच नसलेला माणूस थांबू शकत नाही. तो मिळेल ते पहिले काम धरतो, आणि एकदा तिथे रुतला की आपल्या कसबाकडे परत येत नाही. उलट उदाहरणही माझ्यासमोर घडले आहे. 2005 पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे, जिच्यात कारखाना बंद पडून किंवा कायदेशीर छटणी होऊन काम गेले तर मजुरीच्या निम्म्या दराने काही काळ भत्ता मिळतो. काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या एका पॅटर्नमेकरला, म्हणजे साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या कारागिराला, तो मिळाला. गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम त्याला लगेच मिळत होते, ते त्याने नाकारले आणि चार महिने तो घरी राहिला. गल्लीतले लोक त्याला बसून खातो म्हणाले. पाचव्या महिन्यात त्याला होनग्याला पॅटर्नचेच काम, आधीच्याच पगारावर, मिळाले. त्याने चार महिने उशीर केला, हे खरेच. पण त्याने शोधत घालवलेल्या या चार महिन्यांना कामचुकारपणा म्हणायला मी तयार नाही. राज चेट्टी या अर्थतज्ज्ञांनी 2008 मध्ये हेच आकड्यांनी मांडले: भत्त्यामुळे बेकारीचा काळ जो लांबतो, त्यातला सुमारे 60 टक्के भाग हा हाती रोख पैसा नसलेल्याला मिळालेल्या सवडीचा असतो. पदरी चार पैसे असलेला माणूस भत्त्याशिवायही तेवढाच थांबतो आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही.

आता गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न नव्या रूपात येतो. जानेवारी 2024 मध्ये कर्नाटक राज्यात युवा निधी हा बेकारी भत्ता सुरू झाला, पदवीधराला महिन्याला 3,000 आणि डिप्लोमाधारकाला 1,500 रुपये, दोन वर्षे किंवा नोकरी लागेपर्यंत. तीन हजारांसाठी नोकरी नाकारलेला मुलगा मला अजून भेटलेला नाही. बसभाडे, मुलाखतीचे फोटो आणि फॉर्मची फी यांत ते संपतात. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेतून बायकांना महिन्याला 2,000 रुपये मिळू लागल्यापासून रोप लावणीला आणि भांगलणीला बायका येत नाहीत, अशी तक्रार येळ्ळूर भागातल्या माझ्या नात्यातल्या शेतकऱ्यांचीही आहे. ती मी उडवून लावत नाही. बेभरवशाच्या पावसात लावणीचे चार दिवस हुकले की काय होते ते मी माहेरी पाहिले आहे. पण मी माझ्या काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बायका येतात की, पण मागच्या वर्षीच्या मजुरीवर येत नाहीत." चिखलात दिवसभर वाकून उभ्या राहणाऱ्या बाईला दोन हजारांच्या आधाराने भाव करता येऊ लागला, हे शेतकऱ्याला महाग पडते. त्यावर उपाय शेतीमालाच्या भावात शोधावा लागेल. बाईच्या खात्यातले पैसे थांबवून तो सापडेल असे मला वाटत नाही.

माझ्या हातात धोरण नाही. माझ्या हातात रजिस्टर आहे. फेटलिंगवाला गेल्यापासून मी एक पद्धत ठेवली आहे. अंशदानाचा कालखंड सप्टेंबरात आणि मार्चमध्ये संपतो, म्हणून त्याच्या महिनाभर आधी मी ठेक्यावरच्या प्रत्येक कामगाराचे भरलेले दिवस मोजून त्याला चिठ्ठीवर लिहून देते, कारण आजारपणाच्या लाभालाही हेच 78 दिवस लागतात. मालकांनी सुरुवातीला याला आक्षेप घेतला होता. आता ते स्वतः यादी मागतात. गेल्या सप्टेंबरात दोघे जण 75 वर अडकले होते आणि पंचवीस तारखेपासून त्यांना ब्रेक द्यायचे ठरले होते. मी ठेकेदाराला फोन करून आणखी चार दिवस त्यांना कामावर ठेवायला सांगितले आणि महिनाअखेरीस त्यांच्या नावापुढे 79 लिहिले.