लेस्टरच्या मेडिकलमधून दिसलेला कोरोना

माहेरी गेलं की ओसरीवरच्या बायका हमखास विचारतात, “तिकडची लोकं घाबरली होती का गं कोरोनात? का गोऱ्यांना काही वाटतच नाही?” एका वाक्यात उत्तर देता येत नाही आणि चहा होईपर्यंत विषय कुणाच्या तरी लग्नावर गेलेला असतो. म्हणून आज सावकाश लिहिते.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात. बी.फार्म. केलं ते औरंगाबादला, तेव्हा ते औरंगाबादच होतं. आता इंग्लंडमध्ये लेस्टरला एका छोट्या मेडिकलमध्ये डिस्पेन्सर आहे. डॉक्टरच्या चिठ्ठ्या बघून औषधं काढायची, पिशव्या भरायच्या, म्हाताऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या. काउंटरच्या आतून माणूस लवकर कळतो. तोंडानं तो “मी काही घाबरत नाही बुवा” म्हणत असतो आणि हात थर्मामीटरकडं गेलेला असतो.

मार्च २०२० मध्ये आधी सॅनिटायझर संपलं, मग थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. आम्ही माणशी एकच पाकीट द्यायचं ठरवलं, तर एकाच घरातले चौघं दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं, एकमेकांना ओळखत नसल्यासारखे येऊन गेले. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं या साथीला महामारी म्हटलं तेव्हा सुपरमार्केटांतल्या टॉयलेट पेपरच्या फळ्या रिकाम्या पडू लागल्या होत्या. हे फोनवर सांगितलं तर आईला खरंच वाटेना. “नळाला पाणी येतंय ना? मग कागदासाठी कशाला भांडायलेत?” आमच्या बेलग्रेव्ह रोडवर वेगळीच लूट होती. या शहरात १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले गुजराती मोठ्या संख्येनं आले. त्यांच्या दुकानांतली गव्हाच्या पिठाची दहा किलोची पोती आणि तूरडाळ बघता बघता गायब झाली. ज्याला जे संपायची भीती वाटते ते तो भरून ठेवतो, एवढाच काय तो फरक.

२३ मार्चच्या रात्री बोरिस जॉन्सन टीव्हीवर येऊन घरात बसा म्हणाले. दुसऱ्या दिवशी रात्री आठला मोदी आले. आईनं पाडव्याची गुढी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी उभारली. त्याआधीच्या रविवारी गावात थाळ्या वाजल्या होत्या, गुरुवारी आमच्या गल्लीत टाळ्या सुरू झाल्या. इकडं दर गुरुवारी आठला दारात उभं राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवायच्या, दहा आठवडे. पाचव्या घरातल्या पटेल मावशी मात्र पहिल्या दिवसापासून स्टीलची थाळी आणि लाटणं घेऊनच उभ्या.

अफवांतही कुणी मागं नव्हतं. आमच्या गंगाखेड भागात एका रात्री उठलं की कुठंतरी नुकतंच जन्मलेलं लेकरू बोललं आणि म्हणालं, कोरा चहा प्या. रात्री अडीचला घरोघरी चुली पेटल्या. त्याआधी कोंबडीनं कोरोना होतो म्हणून माझ्या मावसभावाला पोल्ट्रीतले पक्षी फुकट वाटावे लागले. मी हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते. पण त्याच एप्रिलमध्ये बर्मिंगहॅम आणि लिव्हरपूलकडं फाईव्ह-जीचे मोबाईल टॉवर पेटवले जात होते, कारण काय तर त्यांच्या लहरींतून विषाणू पसरतो म्हणे. कोऱ्या चहानं निदान कुणाचं नुकसान तरी झालं नाही.

खरी गोष्ट यापुढं सुरू होते, कारण भीती फार दिवस नुसती राहत नाही, तिला कुणीतरी माणूस लागतो. आमच्या गावानं आठवड्याभरातच वेशीवर बाभळीचे काटे आणि दगड टाकले. पुण्या-मुंबईहून आलेला कुणी असो, आधी शाळेत नाहीतर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याशेजारच्या निवाऱ्यात, चौदा दिवस, मग घर. ज्यांनी काटे टाकले त्यांचीच पोरं भोसरीला आणि चाकणला कामाला होती, हे विशेष. आजी म्हणायची, तिच्या सासूच्या काळात मानमोडीची साथ आली तेव्हाही गाव सोडून लोक रानात राहायला गेले होते. त्यामुळं जुन्या माणसांना त्या काट्यांचं काही वाटलं नाही.

वाटलं ते ऊसतोडवाल्यांना. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. त्या वर्षी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तरी ते कोप्यांतच, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतच अडकले, एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परत यायची परवानगी दिली. तपासणी करून, कागद घेऊन, ट्रॅक्टरवर बसून लोक आले, तर वेशीवर आपलेच भाऊबंद काठ्या घेऊन उभे. दादानं मला व्हिडिओ पाठवला. आमच्या शेजारच्या आळीतली एक बाई कडेवर लेकरू घेऊन सरपंचाला विचारत होती, “आम्ही ऊस तोडला ते कारखान्याला चाललं, तुम्हाला साखर चालली, आता आम्हीच चालंनो का?” तिला आखाड्यावर राहावं लागलंच. भाकरी मात्र गावानं पोचवली, तेही सांगायला हवं.

८ मे ला पहाटे करमाडजवळ जे झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडं निघाले होते, थकून रुळावर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. परभणीहून औरंगाबादला कॉलेजला जाताना मी किती वेळा त्याच रुळांवरून गेले असेन. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचे फोटो इथल्या पेपरांतही आले. दुकानातली एक सहकारी मला म्हणाली, पण ते घरी का चालले होते, सरकार पगार देत नव्हतं का? तिचा नवरा तेव्हा फर्लोवर होता. म्हणजे कामावर न जाता ८० टक्के पगार, महिन्याला २५०० पौंडांपर्यंत, सरकारच्या तिजोरीतून. तिचा प्रश्न भोळा होता, त्यात कुचकटपणा नव्हता. त्यामुळंच मला उत्तर देणं जड गेलं.

पण इंग्लंडात सगळ्यांनाच फर्लो होता असं नाही, आणि ते आमच्या लेस्टरनं दाखवून दिलं. २९ जूनच्या रात्री जाहीर झालं की रुग्ण वाढल्यामुळं फक्त लेस्टरला पुन्हा कुलूप. देशातलं पहिलं स्थानिक लॉकडाऊन. ४ जुलैला बाकी इंग्लंडचे पब उघडले, आमची दुकानंही बंद. मग सुरू झाली कुजबुज: एका घरात आठ-आठ माणसं राहणारे एशियन, त्यांचे शिलाई कारखाने, त्यांनीच आणलं. कारखान्यांबद्दलच्या बातम्या धक्कादायक होत्या. किमान वेतन तासाला ८.७२ पौंड असताना त्याच्या निम्म्याहून कमी देतात असे आरोप होते. आजारी पडलं तर कायद्यानं मिळणारे पैसे आठवड्याला ९५.८५ पौंड, तेही सगळ्यांना नाही. एवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही. ताप अंगावर काढून मशीनवर बसणारी बाई माझ्याकडून पॅरासिटामॉल घेऊन जायची आणि मला ते दिसायचं. मुकादमाची उचल आणि इथलं घरभाडं, दोन्ही माणसाला आजारी पडू देत नाहीत. लोकांनी मात्र राग काढला तो तिच्यावर.

त्या उन्हाळ्यात लेस्टरचं नाव निघालं की समोरचा अर्धं पाऊल मागं घ्यायचा. माझी एक मैत्रीण लफबरोला राहते, लॉकडाऊनच्या हद्दीबाहेर. तिनं डोंगरात चार दिवसांसाठी घर ठरवलं होतं, मालकानं पत्त्यातला ‘एलई’ पोस्टकोड बघूनच नकार कळवला. एलई म्हणजे लेस्टर, लेस्टर म्हणजे रोग, विषय संपला. मला आमच्या वेशीवरचे काटे आठवले. इथले काटे ईमेलनं येतात आणि शेवटी ‘आपला नम्र’ असतं.

डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडात नवा प्रकार सापडला आणि भारतानं २२ तारखेच्या रात्रीपासून इथली विमानं बंद केली. नोव्हेंबरअखेरपासून ब्रिटनहून आलेल्यांच्या याद्या जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. आमच्या ओळखीतला एक मुलगा लग्नासाठी नांदेडला गेला होता. त्याच्या घरी महापालिकेची, तहसीलची, पोलिसांची अशी माणसं आळीपाळीनं आली आणि त्याच्या सासरच्यांनी मांडवाची तारीखच पुढं ढकलली. चारच महिन्यांनी गंगा उलटी वाहिली. २३ एप्रिल २०२१ ला ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं. ब्रिटिश नागरिक किंवा रहिवासी असाल तर दहा दिवस सरकारी हॉटेलात राहायचं, एका माणसाचे १७५० पौंड स्वतःच्या खिशातून. बाकीच्यांना प्रवेशच नाही. पेपरांत ‘इंडियन व्हेरियंट’ हा शब्द रोज. दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं मला विचारलं, “तू एवढ्यात तिकडं गेली नव्हतीस ना?” डिसेंबरात नांदेडची माणसं त्या मुलाला हेच विचारत होती. मेअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं या प्रकारांना अल्फा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरं दिली आणि देशांची नावं हळूहळू मागं पडली.

तो एप्रिल माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट महिना. काकूला परभणीच्या एका दवाखान्यात ठेवलेलं. दादाचा पहाटे फोन, “ताई, तिकडून रेमडेसिव्हिर पाठवता येतंय का? इथं काळ्या बाजारात पण मिळंना.” मी औषधाच्या दुकानात काम करते, म्हणजे माझ्याकडं असणारच, हा त्याचा हिशोब. इकडं ते रुग्णालयाबाहेर मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी वेळेत पोचलं नसतं. मी त्याला समजावत बसले की जागतिक आरोग्य संघटनेनं गेल्या नोव्हेंबरातच हे इंजेक्शन वापरू नका असा सल्ला दिलाय. इथल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधांच्या चाचणीत जीव वाचवणारं औषध ठरलं ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, आणि ते आपल्याकडं कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतं. तू फक्त तिला ऑक्सिजन नीट मिळतोय का आणि स्टेरॉइड चालू आहे का ते डॉक्टरला विचार. दादा ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “तुझं खरं असंल. पण डॉक्टरनं चिठ्ठी लिहून दिलीय. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, याच्यानं एक इंजेक्शन आणणं झालं नाही.”

यावर मी काय बोलणार? तेव्हा मराठवाड्यात रात्र-रात्र रांगेत उभी असलेली माणसं औषध शोधत होतीच, पण आपण आपल्या माणसासाठी धावलो हे चारचौघांना दिसावं हीसुद्धा त्यांची गरज होती. त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. चिठ्ठी हातात देऊन नातेवाइकांना पळवणं ही त्या वेळची पद्धतच होऊन बसली होती. इथं रुग्णाचं औषध रुग्णालय बघतं, नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी येत नाही. त्यामुळं इथली माणसं शांत दिसतात. फोन घेऊन घरात बसून असतात बिचारी, आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. काकू वाचली. तिच्या वॉर्डातल्या सगळ्या वाचल्या नाहीत.

लसीची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च २०२१ मध्ये पुण्याच्या सीरमहून ५० लाख डोस ब्रिटनला आले आणि इथल्या लोकांच्या दंडात गेले. त्याच सप्टेंबरात या सरकारनं सांगितलं, भारतात कोविशिल्ड घेतली असेल तर तुम्ही लस न घेतलेल्यांत मोडता. लस तीच, बाटलीही पुण्याचीच. भारतानंही ४ ऑक्टोबरपासून इथून जाणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस कोंडायचं ठरवलं, मग आठवड्याभरातच ब्रिटन नरमलं. आईचं म्हणणं, दोघांनाही शाळेत ठेवा चौदा दिवस.

डिसेंबर २०२१ मध्ये शेवटी माहेरी गेले, तर तोवर ओमिक्रॉन आलेला. ब्रिटनहून येणाऱ्यांची विमानतळावर तपासणी, सात दिवस घरात आणि आठव्या दिवशी पुन्हा तपासणी असा नियम होता. घरात म्हातारी माणसं, म्हणून तात्यांनी माझी सोय आखाड्यावर केली. बाज, मच्छरदाणी, लाईटचा बल्ब, समोर तुरीचं रान. माहेरवाशीण इतकी लांबून आली आणि गोठ्याशेजारी झोपली, यावरून आई तात्यांशी दोन दिवस बोलली नाही. मला मात्र मजा वाटत होती. वहिनी बांधापर्यंत येऊन डबा ठेवायची आणि लांबूनच गावातली भांडणं सांगायची.

रोज येणारी एकटी आशाताई. बोटाला ऑक्सिमीटर लावायची, ताप बघायची, वहीत लिहायची. तिनं पहिल्या लाटेपासून गावातलं प्रत्येक दार वाजवलेलं, वेशीवर काटे असताना पलीकडं जाऊन ऊसतोडवाल्यांचं तापमान घेणारीही तीच. त्या वर्षी जूनमध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या होत्या, त्यांत तीही होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “ताई, तिकडं आशा असती का?”

म्हटलं, “नाही गं. तिकडं फोन येतो. कुठं गेला होता, कुणाला भेटला, ते विचारतात.”

“अन् त्या फोनवाल्यांना किती भेटतं?”

त्यांचा पगार मला माहीत नव्हता. म्हणून तपासणी आणि फोनाफोनीच्या त्या सगळ्या योजनेसाठी सरकारनं दोन वर्षांकरता ३७ अब्ज पौंड ठेवले होते, तेवढं सांगितलं. अब्ज म्हणजे शंभर कोटी, हेही सांगितलं. तिला कोरोनाच्या कामाचे महिन्याला हजार रुपये होते, तेही वेळेवर नाही. तिनं वही बंद केली, ऑक्सिमीटर पिशवीत टाकला आणि चप्पल घालत म्हणाली, “मग तिकडंच एखादी जागा निघती का बघा. मी फोनवर बी चांगली बोलते.”